न पडलेल्या विमानाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. जुनं म्हणजे वयाने. वापराचं विचाराल, तर माझं आजवरचं सगळं उड्डाण मिळूनही गरम चहा धड निवणार नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याने काठावर बसून जन्मभर इतरांचे कपडे सांभाळावेत, तशी माझी गत झाली. ती कोणी केली, हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण त्या माणसाचं माझ्यावर फार प्रेम होतं.

मी रिमोटवर उडणारं खेळण्यातलं विमान. स्वस्तातलं, नवशिक्यांसाठी बनवलेलं. माझं अंग फोमचं आहे. कारखान्यात पांढरे दाणे साच्यात भरून त्यांना वाफ दिली, ते फुगून एकमेकांना चिकटले आणि मी झालो. तिथे तपासणीला एक बाई होती. ती आम्हाला छातीच्या उंचीवरून सरळ जमिनीवर सोडायची. उसळून शाबूत राहिला तो पास. म्हणजे पडणं ही माझ्या आयुष्यातली पहिली परीक्षा होती, आणि ती मी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालो होतो. पुढे त्या गुणांना कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दुकानात माझ्या एका बाजूला लाल रंगाचं लढाऊ विमान होतं. नाकावर दात रंगवलेले, अंग बाणासारखं. दुसऱ्या बाजूला दिवे लावलेलं हेलिकॉप्टर. मुलं त्या दोघांकडे बघून किंचाळायची आणि माझ्याकडे बघून पुढे जायची. माझे पंख रुंद, बसवलेले पार डोक्यावर, आणि गरगरणारा पंखा नाकावर नसून पाठीवर. थोडक्यात, ध्यान.

एके दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. हे विमा कंपनीचे सर्वेअर. ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरून नुकसान किती झालं ते ठरवायचं, हा त्यांचा धंदा. मुलगी एका जागी उभी राहत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

"बाबा, ते दातवालं!" भिंगरी म्हणाली.

दुकानदार हसला. "ते फार पळतं गं. तू डावीकडे म्हणेपर्यंत ते भिंतीत असेल. साहेब, पहिलंच विमान ना? मग हे घ्या. पंख वर आहेत, त्यामुळे रिमोटच्या काड्या सोडून दिल्या तरी आपलं आपण सरळ होतं. सावकाश उडतं. पंखा मागे आहे, म्हणजे नाकावर पडलं तरी तो मोडत नाही."

"पडलं म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"पडणारच की."

"किती वेळा?"

दुकानदाराने सुटे पंखे, गोंद आणि माझा खोका एका पिशवीत घातला. निवड अगदी योग्य झाली होती, मित्रांनो. नवशिक्याने माझ्यासारखंच विमान घ्यावं, दाताबिताच्या नादी लागू नये, हे मी आजही सांगेन. चूक झाली ती घरी गेल्यावर.

घरी आल्यावर बाबांनी मला टेबलावर ठेवलं, चहूबाजूंनी फोटो काढले आणि मग कपाटावर ठेवलं. "आधी माहिती, मग रिमोट," ते म्हणाले. त्यांनी पुस्तकं वाचली, लोकांचे व्हिडिओ पाहिले. रोज रात्री जेवताना ते मुलीला प्रश्न विचारायचे.

"विमान आपल्याकडे तोंड करून येतंय. काय होतं?"

"डावं-उजवं उलटं होतं," भिंगरी घास गिळत म्हणायची.

"मग काय करायचं?"

"जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला काडी दाबायची."

"का?"

"तुम्ही ओरडू नये म्हणून."

आई हसायची. बाबा हसायचे नाहीत. दिवसभर चेपलेली दारं आणि फुटलेल्या काचा बघून आलेल्या माणसाला घरात एक तरी न चेपलेली वस्तू हवी होती, आणि ती नेमका मी होतो.

दर रविवारी भिंगरी बूट घालून दारात उभी राहायची. दर रविवारी बाबा खिडकीतून हात बाहेर काढायचे. कधी वारा असायचा. कधी वारा नसायचा, पण मैदानात मुलं खेळत असायची. मैदान रिकामं असलं तर, "रिकामं का आहे? काहीतरी कारण असेल." एकदा सगळं जमून आलं होतं, तर त्यांना माझ्या शेपटीला सूक्ष्म तडा दिसला. तो तडा नव्हता, साच्याची रेघ होती. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, पण फोमच्या जिवाला विचारतो कोण? मला मात्र धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घालण्यात आली. पाहुण्यांना मला दाखवलं जाई. "अजून एक ओरखडा नाही," बाबा अभिमानाने सांगत. त्या वाक्याने मला किती लाज वाटायची, ते पाहुण्यांना कळायचं नाही.

हळूहळू भिंगरीने बूट घालणं सोडलं. मग विचारणं सोडलं. जेवताना प्रश्न आला की ती म्हणायची, "माहितेय," आणि ताट उचलायची. मित्रांनो, कपाटावरून खोली चांगली दिसते. तिची नजर वर येईनाशी झाली, ते सगळ्यात आधी मला दिसलं. पडून मोडणं मला चाललं असतं. पण नको असणं मला झेपणारं नव्हतं.

अशात आत्या राहायला आली. बाबांची थोरली बहीण. ही मोटार ड्रायव्हिंग शिकवायची. आल्या आल्या तिने पिशवी ओढून मला खाली घेतलं.

"अगं ताई, हळू!"

"हे अजून नवंच? मला वाटलं आतापर्यंत तुकडे झाले असतील." तिने भिंगरीकडे पाहिलं. "उडवलंस की नाही गं?"

"मला काही नकोय ते," भिंगरी म्हणाली आणि आत निघून गेली.

आत्याने माझं पोट उघडलं. आतली बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती. बाबांचा चेहरा पडला. "एकदाही वापरली नाही गं! उलट दर आठवड्याला फुल चार्ज करून ठेवत होतो. न जाणो, निघायची वेळ आली तर तयार असावी."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि आत्या मला नि त्या बॅटरीला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "ही बॅटरी भरून ठेवली की फुगते, साहेब. ठेवायचीच असली तर अर्धी ठेवायची. आणि मुळात ती ठेवायला नसते हो."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "तू ठोकलेल्या गाड्या बघतोस, मी ठोकणारी माणसं बघते. माझ्या गाडीचं एक दार सरळ नाही, पण माझ्याकडे शिकलेली सगळी मुलं गाडी चालवतात. तुझं विमान कोरं आहे आणि तुझी पोरगी उठून आत गेली."

बाबांनी फुगलेली बॅटरी दुकानदाराच्या हवाली केली. त्यांनी नवी बॅटरी घेतली. रविवारी त्यांनी स्वतः भिंगरीचे बूट आणून तिच्यासमोर ठेवले. खिडकीतून हात बाहेर काढलाच, पण आत्याने तो खाली केला.

मैदानात रिमोट भिंगरीच्या हाती आला आणि मला फेकण्याचं काम बाबांकडे. माझा पंखा फिरू लागला. बाबा मला उंच धरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावत सुटले. धावले, धावले, आणि मला सोडेचनात.

"सोड रे!" आत्या ओरडली.

"अजून थोडा वेग!"

"बाबा, तुम्ही स्वतःच उडणार आहात का?" भिंगरी म्हणाली, आणि किती दिवसांनी खदखदून हसली.

तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली.

मित्रांनो, हवा ही काय चीज असते, ते मला सांगता येत नाही, कारण ती मला फार थोडी मिळाली. मी वर गेलो. झाडं खाली गेली. भिंगरीने मला वळवलं, आणि मी तिच्याकडे तोंड करून येऊ लागलो. उजवा पंख झुकला. ती गोंधळली.

"खालच्या पंखाकडे! खालच्या पंखाकडे काडी!" बाबा जिवाच्या आकांताने ओरडले. तिने काडी दाबली आणि मी सरळ झालो. जेवणाच्या टेबलावरचा तो सगळा छळ एकदा तरी कामी आला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. दुसऱ्या वळणाला मात्र ती "माहितेय!" म्हणत बाबांकडे वळून बघायला गेली, आणि मी थेट फुटबॉलच्या गोलच्या खांबावर.

माझं नाक मोडलं. पाठीवरच्या पंख्याला काही झालं नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

सगळे धावत आले. भिंगरीने माझ्याकडे पाहिलंच नाही, ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. मीही. बाबा गुडघ्यावर बसले. सवयीप्रमाणे मला चारही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"समोरून धडक," ते म्हणाले. मोडक्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दुरुस्त होईल." आणि उठता उठता, कोणाकडेही न बघता, "पुढच्या वेळी माझी पाळी."

"आधी माहिती, मग रिमोट," भिंगरी म्हणाली.

सध्या मी टेबलावर आहे. नाकाला गोंद आहे आणि तो धरेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावले आहेत. दिसायला मी पूर्वीपेक्षाही ध्यान दिसतो. मित्रांनो, माझ्या जातीची वस्तू तुमच्या घरी आली, तर तिची काळजी जरूर घ्या. गोंद जवळ ठेवा, बॅटरी भरून विसरू नका. पण आम्हाला जपू नका. जपायचंच असेल तर दारात बूट घालून उभं असलेलं माणूस जपा. ते आत निघून गेलं की त्याला गोंद नसतो.

एवढं सगळं होऊनही बाबांनी आज सकाळी ती प्लास्टिकची पिशवी पुन्हा बाहेर काढली. "गोंद वाळेपर्यंतच," ते म्हणाले.

भिंगरीने ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली, तिच्यात आपले चिखलाचे बूट भरले आणि दाराशी ठेवले.