दाब पुन्हा चढेपर्यंत

"विहिरीतलं दाबमापक वर काढलं? कोणाला विचारून?"

ती फोनवर एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्या बाईंनी दचकून मान वर केली.

तेलविहिरीवरचा फोरमन चाचरत म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं, ताई."

साहेब म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. विहिरींचं सगळं काम त्याच्या हाताखाली, आणि विहिरीतल्या दाबाचा अर्थ लावणं हे हिचं काम. ती तडक त्याच्या खोलीत शिरली. दार वाजवायचंही तिला भान नव्हतं.

"दाब चढायचा थांबला होता, छोटी," दादा मान वर न करता म्हणाला. "खाली तेल थोडंच आहे. बुजवून टाकू विहीर. उगाच किती दिवस बंद ठेवणार?"

"ऑफिसात छोटी म्हणू नकोस. आणि दाब थांबला नव्हता, दम खात होता!" तिने त्याच्यापुढचा कागद ओढून रेघ मारली. "तो खडक भेगाळलेला आहे. विहीर बंद केली की आधी भेगांमधला दाब झपाझप चढतो. मग खडकाच्या पोटातलं तेल झिरपत भेगांत येतं, अगदी सावकाश. तेवढा वेळ दाबाची रेघ सपाट दिसते. नंतर पुन्हा चढते. तू नेमकं सपाटीवर मापक उपसलंस!"

"पुन्हा चढली असती हे तुला काय माहीत?"

"नाहीच माहीत! म्हणून तर थांबायचं होतं. माहीत तुलाही नाही, तरी निघालास विहीर बुजवायला!"

काचेपलीकडे लोक बघत होते. दादा आवाज खाली आणून म्हणाला, "घरी बोलू."

"घरी आई मलाच गप्प बसवते. इथेच बोलायचं."

त्याने दुसरी फाइल उघडून वाचायला घेतली. मग ती सरळ संचालकबाईंकडे गेली. अर्धवट चाचणीवरून विहीर बुजवली तर माझी सही मिळणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. बाईंनी दादालाही बोलावून घेतलं, दोघांचं ऐकलं आणि चाचणी पहिल्यापासून घ्यायला लावली.

या खेपेला तिने विहिरीवरच मुक्काम ठोकला. दाब चढला, मग रेंगाळला. रेघ सपाट ती सपाटच. फोरमन म्हणाला, "ताई, संपलं वाटतं." तरी तिने कोणाला मापकाला हात लावू दिला नाही. अखेर रेघ हलली, तिरकी झाली आणि चढत गेली.

बैठकीत दादा उठून म्हणाला, "आम्ही दोघांनी धीर धरला, म्हणून ही विहीर वाचली."

टाळ्या पडल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"धीर मी धरला," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "तू मापक उपसलं होतंस."

दादाचे कान लाल झाले. संचालकबाईंनी घसा खाकरला, आणि यापुढे हिला विचारल्याशिवाय कुठलंही मापक काढायचं नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "चारचौघांत मोठ्या भावाचा पाणउतारा करतात होय गं?"

"आणि त्याने माझं श्रेय लाटलं ते?"

"अगं, घरातच राहिलं ना ते!"

तिने फोन आपटला. त्या रविवारी ती आईकडे जेवायला गेली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.