दिवस आधी, महिना नंतर

चकलांब्याचा अनिल पुण्यात एका कंपनीत प्रोग्रामर. जयंतीला तो गावी यायचाच, पण यंदा त्यानं मोठ्या हौसेनं एक टूम काढली. टेलिग्रामवर चॅनल उघडलं, गावातली शिकणारी पोरंपोरी त्यात घेतली आणि एक एप्रिलपासून चौदा एप्रिलपर्यंत रोज सकाळी एक मॉड्यूल टाकायचं ठरवलं. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड. आपण नुसता कामाला लावायचा. ‘जयंतीला उरले बारा दिवस, आजचं मॉड्यूल दुसरं’, असं लिहून खाली चार-पाच ओळी. पोरं दिल टाकायची, अंगठे दाखवायची आणि अनिलभाऊ पुण्यात बसून फुगायचे.

चार तारखेचं मॉड्यूल तारखा वाचणारं होतं. तारीख कशीही लिहा, ते ओळखतं. अनिलनं आधी तपासूनसुद्धा पाहिलं. कोणती तारीख घालून? १४/०४! त्याला दुसरी सुचणार तरी कोणती? बरोबर चौदा एप्रिल आलं आणि पोस्ट गेली. हे मॉड्यूल अमेरिकेच्या रीतीनं महिना आधी धरतं, आपल्याकडं वापरायचं तर ‘दिवस आधी’ असं त्याला बजावावं लागतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण एक ओळ वाढली असती ना! मग दिली सोडून.

चॅनलवरची सगळ्यांत चुणचुणीत म्हणजे त्याच्या चुलत्याची चैताली. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, कॉम्प्युटरच्या कॉलेजात जायचं मनाशी पक्कं केलेली. तिनं ते मॉड्यूल घेऊन लगेच एक प्रोग्राम बनवला. विहारातल्या अभ्यासिकेतल्या पोरींच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखा त्यात भरल्या. तीन दिवस उरले की तिच्या फोनवर मेसेज यायचा. गवंडीकाम करणाऱ्या शहादेवच्या करिष्माचा नर्सिंगचा फॉर्मही तीच भरणार होती. करिष्माकडं फोन नव्हता, म्हणून ती बिचारी चैतालीच्या भरवशावर निवांत.

अकरा तारखेला अनिल गावात उतरला, तर विहारापुढं हा कालवा! करिष्माची तारीख होती दहा. निघून गेली, मेसेज आलाच नाही. आणि चैतालीच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मची तारीख तेरा, तिचा मेसेज मात्र वेळेवर आलेला.

“सोताचा बरा आला गं मेसेज!” शहादेव तावातावानं बोलत होता. “माझ्याच लेकीचा कावून न्हाई आला? वर्ष गेलं की तिचं!”

“काका, मी घातलीती तारीख. ही बघा, १०/०४. हाय की हितं!” चैताली लॅपटॉप त्याच्यापुढं धरून सारखं तेच सांगत होती. करिष्मा खाली मान घालून उभी होती.

अनिलनं लॅपटॉपवर नजर टाकली आणि सगळं उमगलं. तेरावा महिना नसतो, म्हणून १३/०४ ला मॉड्यूलनं गुमान तेरा एप्रिल म्हटलं. दहावा महिना असतो. १०/०४ चं त्यानं चार ऑक्टोबर करून टाकलं होतं.

आता बोल की बाबा! चूक माझी हाय, एवढंच तर म्हणायचं होतं. पण शहादेवनं हात जोडले. “अनिलभाऊ, तुमी लई शिकलेले. तुमीच समजवा हिला.” आणि हा शहाणा काय म्हणाला? “जाऊ द्या, बघतो मी.” घरी गेला, दार लोटलं आणि चार तारखेच्या पोस्टमध्ये ‘दिवस आधी’ची ओळ गुपचूप घालून टाकली.

पुढचे दोन दिवस त्याला भाकरी गोड लागली नाही. गल्लीत चैताली दिसली की हा फोनमध्ये डोकं घालायचा. लाज वाटत होती, अगदी स्वतःची किळस येईपर्यंत. तरी मनाची समजूत घालायला हुशार! चैतालीचा फॉर्म तर भरून झाला असेल, तिचं काय बिघडलं? जयंती पार पडू दे, मग सांगू.

चौदाला वंदना झाली आणि गावानं त्याचा सत्कार ठेवला. खांद्यावर शाल पडली, हातात माइक आला. समोर बायकांच्या मागं चैताली बसलेली. अनिलला राहवलं नाही.

“करिष्माची तारीख चैतालीमुळं न्हाई हुकली. मी अर्धवट शिकवलं म्हणून हुकली. मला अकरालाच कळलंतं. मी पोस्ट दुरुस्त केली अन् गप बसलो.”

शहादेव उठला, चैतालीपुढं गेला. “चुकलं पोरी माझं,” म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला.

अनिल खाली उतरून तिच्याजवळ आला. “मला माफ कर. आता परीक्षा बिनघोर दे.”

“कसली परीक्षा, दादा? मी फॉर्म भरलाच न्हाई.”

“काल तर मुदत होती!”

“होती की. काल करिष्मा माझ्याजवळ बसून ‘भर’ म्हणत होती. तिचं वर्ष घालवून मी माझा कोणत्या तोंडानं भरू?”

“मला विचारायचं तरी गं!”

“दोनदा आलते घरापर्यंत,” चैताली म्हणाली. “मला वाटलं, चूक माझीच हाय हे तुला कळलंय, अन् माझी लाज राखायला तू गप हाईस.”