तोंड बदलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी सेडान गाडी आहे आणि दिसायला मी उग्र आहे. हे मी लाजत लाजत सांगत नाहीये.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या आधी त्या कंपनीने घरगुती वापरासाठी ज्या गाड्या काढल्या, त्या साऱ्या झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या होत्या. कुणाला खुपू नये आणि कुणाच्या नजरेतही भरू नये, एवढाच त्यांचा बेत. पार्किंगमध्ये मालकालाच आपली गाडी सापडायची नाही. मग एका वर्षी तिथल्या चित्रं काढणाऱ्या मंडळींना त्याचा कंटाळा आला. त्यांनी मला रुंद जबडा दिला, मोठी काळी जाळी दिली, बॉनेटवर दोन ठसठशीत धारा काढल्या आणि दिवे बारीक, रोखून बघणारे केले. रंग दिला चिंचेने घासलेल्या तांब्याचा. जहाजातून मी कतारमध्ये दोह्याला आले, तेव्हा शोरूममध्ये माझ्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. येणारे लोक मला बघायचे, हसायचे आणि पांढरी घ्यायचे.

मालविका आली ती नवऱ्यासोबत. ती मूळची नाशिकची, दोह्याशेजारच्या लुसैल शहरातल्या एका ऑफिसात इमारतींच्या सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची ड्रॉइंग करणारी इंजिनियर. नवरा देवव्रत गॅस प्रकल्पावर सेफ्टी बघायचा, त्यामुळे त्याला सगळंच सेफ लागायचं. पांढरी उन्हात कमी तापते, पांढरी विकायला सोपी, असं त्याने बरंच समजावलं. त्याचं काही चुकत नव्हतं. मालविका माझ्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, हीच घेऊ. त्यांचा मुलगा कैवल्य तेव्हा आठ वर्षांचा होता. माझ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "ममा, शी लुक्स अँग्री."

"रागावलेली नाहीये," मालविका म्हणाली, "जागी आहे."

त्या दिवसापासून मी तिची झाले. रोज अझीझियातल्या घरून लुसैलला जाणं आणि येणं. उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा, धुळीचं वादळ आलं की काचेपलीकडचं काही दिसायचं नाही, पण मी कधी रस्त्यात बसले नाही. गणपतीच्या दिवसांत माझ्या मागच्या सीटवर मोदकांचे डबे असत. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या कतरी गृहस्थांनी काच खाली केली, मला निरखून पाहिलं आणि 'माशाल्ला', म्हणजे दृष्ट लागू नये अशी, असं म्हणाले. मालविका घरी पोचेपर्यंत गालातल्या गालात हसत होती. बाकीचे लोक मात्र विचारायचे, एवढी भडक गाडी कशाला घेतली?

दोन वर्षांनी कंपनीही घाबरली. माझ्यासारख्या गाड्या फारशा खपल्या नव्हत्या. इंजिन तेच ठेवून तिने पुन्हा गुळगुळीत, गप्प चेहऱ्याची गाडी काढली. माझा चेहरा तेवढ्यावरच बंद पडला.

आणि यंदा मार्चमध्ये मॉलच्या पार्किंगमध्ये एका मोठ्या जीपने रिव्हर्स घेताना मला समोरून धडक दिली. जाळीचे तीन तुकडे झाले, बॉनेट दुमडलं. दुरुस्तीसाठी लागणारा पोलिसांचा कागद झाला आणि मी सनय्यातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका गॅरेजमध्ये पोचले. तिथला मुकादम, राहिल नावाचा, भला माणूस. त्याने हिंदीत सरळ सांगितलं की हा चेहरा आता मिळत नाही. नंतरच्या मॉडेलचा साधा चेहरा मात्र याच बोल्टांवर नीट बसतो. तीन दिवसांत गाडी तयार, आणि दिसेलही सभ्य.

देवव्रतला ते पटलं. "गाडी चालल्याशी मतलब," तो म्हणाला. "तुझं तोंड थोडंच बदलतायत?"

मालविकेने जाळीचा एक तुकडा उचलून हातात घेतला. ते वाक्य तिला का लागलं, ते मला ठाऊक होतं. त्याच महिन्यात ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये माझं दार लावून घेऊन ती बराच वेळ बसली होती. वरिष्ठांनी तिला सांगितलं होतं, तुमचं काम उत्तम आहे, पण मीटिंगमध्ये फार टोकदार बोलता, जरा सौम्य व्हा. सौम्य, सौम्य, असं ती काचेकडे बघत दोनदा म्हणाली होती. हे तिने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गॅरेजमध्ये धोंडीराम नावाचा डेंटर होता. अंबाजोगाईकडचा, बावीस वर्षं इथे एकटा राहून पत्रा ठोकणारा. मालविकेला नवऱ्याशी मराठी बोलताना ऐकून तो पुढे आला. जाळीचे तुकडे त्याने जमिनीवर जुळवून पाहिले.

"ताई, नवं बसवणं सोपंय," तो म्हणाला. "ह्येच जोडायचं तर मला धा-बारा दिवस लागतील. पलाष्टिक हाय, गरम तारेचे टाके घालावे लागतील अन् रेघ दिसंल. मंग म्हनू नका."

"दिसू दे," मालविका म्हणाली. मग देवव्रतकडे वळून म्हणाली, "हिचं तोंड बदलायचं नाही. आणि माझंही."

देवव्रतने विचारलं, माझंही म्हणजे? ऑफिसात काही झालं का? तिथेच, पत्र्यांच्या आवाजात, तिने त्याला सगळं सांगितलं.

धोंडीरामने बॉनेटच्या खाली ठोकळा धरून हातोडीने एकेक सुरकुती काढली. त्या दोन धारा त्याने बोटांनी चाचपत पुन्हा उभ्या केल्या. जाळीचे तिन्ही तुकडे टाके घालून जोडले, रेघ राहिली. मला काय वाटलं विचारता? दुखलं. पण आपलं तोंड परत मिळवताना दुखतं, ते वेगळं.

दुरुस्तीनंतरच्या सरकारी तपासणीत मी पास झाले. पहिल्याच दिवशी मालविका मला घेऊन लुसैलला गेली. वर काय झालं ते मी पाहिलं नाही, मी तळघरात होते. संध्याकाळी ती खाली आली, सोबत तिची सहकारी नजमा होती. नजमा सांगत होती की नव्या इमारतीच्या ड्रॉइंगमधले पंप लहान पडतील, जोराचा पाऊस झाला तर तिथलं असंच तळघर पाण्यात जाईल, हे कागदावर सगळ्यांना दिसत होतं, पण मीटिंगमध्ये तोंडाने बोलली ती एकटी मालविका. ड्रॉइंग दुरुस्तीसाठी परत गेलं होतं. वरिष्ठ नाराज होते. पुढे काय होणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

मालविकेने किल्ली फिरवली. आजूबाजूच्या पांढऱ्या रांगेवर माझ्या दिव्यांचा झोत पडला.

तर मित्रांनो, गाडीची निगा जरूर राखा. तेल बदला, धूळ पुसा, ठोकर लागली तर चांगल्या कारागिराकडे न्या आणि त्याला घाई करू नका. पण चार लोकांना बघवत नाही म्हणून कुणाचा चेहरा गुळगुळीत करायला जाऊ नका. गाडीचा नको, माणसाचा तर मुळीच नको. ज्यांना बघवत नाही, त्यांनी खुशाल दुसरीकडे बघावं. रस्ता रुंद आहे.