साखळ्यांवरची लाल लोकर

बोलिव्हियाच्या या डोंगराळ टोकाला ऑगस्टात हिवाळा सरतो, पण जाता जाता एक लाथ मारून जातो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी वारा, संध्याकाळी घाटमाथ्यावर बर्फ. म्हणून वर जाणारा प्रत्येक गाडीवाला आधी एपिफानियाच्या सूपाच्या टपरीशी थांबे आणि विचारी, "वर कसं आहे?"

एपिफानिया माथ्यावर जाऊन बघत नसे. ती उतरणाऱ्या गाड्यांची चाकं बघे. धूळ असली तर रस्ता कोरडा, चिखल असला तर बर्फ वितळतोय, बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधलेल्या असल्या तर आज बसा आणि सूप प्या. ती 'बसा' म्हणाली की धंदा तिचाच होतो, अशी थट्टा लोक करत. पण वाटीभर सूप खपवायला तिने कधी कुणाला अडवलं नाही, हेही तेच सांगत. घाटाबद्दल खोटं बोलायचं नाही. माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर डोंगरदेवाच्या नावाने दारू शिंपडून पुढे जाणारा अट्टल चोरसुद्धा एवढं पाळायचा.

त्या शनिवारी तिला स्वतःलाच वर जायचं होतं. घाटापलीकडचं काल्यापाता हे तिचं माहेर. सात वर्षं पडीक ठेवलेली गावची बटाट्याची जमीन रविवारी सूर्य उगवताना वाटली जायची होती. मुखिया बांधावरून चालत येई. पट्ट्यात जो उभा, त्याचा पट्टा. कुणीच उभं नसेल तर शेजारच्या पट्ट्यातल्या भावंडाचा. ओढ्याकडचा पट्टा आईने मरताना एपिफानियाला दिला होता. आता तिचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले होते. टपरी अजून पाच वर्षं, फार तर सहा. पुढे तो पट्टाच.

तिला न्यायला खाणीचा ट्रक यायचा होता. त्याआधीच तिचा धाकटा भाऊ रेमिहियो मिनीबस घेऊन घाट उतरला.

"ताई, निघू नकोस," तो हातावर हात चोळत म्हणाला. "माथ्यावर गुडघाभर बर्फ आहे. साखळ्या घातल्या म्हणून जिवंत आलो."

एपिफानियाने वर पाहिलं. शिखराला ढग लागलेला होताच. चाकं मात्र तिने पाहिली नाहीत. सख्ख्या भावाची चाकं कोण तपासतं? तिने खाणीचा ट्रक परत पाठवला, मागून आलेल्या दोन गाड्याही थांबवल्या. वरून त्या दिवशी दुसरी गाडी उतरली नाही. रेमिहियो तिथेच राहिला. दोन वेळा सूप प्यायला, तिसऱ्यांदा जास्तीचा बटाटा मागून घेतला, आणि मुखियाला मी समजावतो, बर्फापुढे कुणाचं चालतं, असं म्हणून तिचं सांत्वन करत राहिला.

रविवारी दुपारी लोकरीचा व्यापारी तेओदोसियो जीपमधून उतरला. जीप चाकांपासून छतापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेली. बर्फाचं विचारलं तर तो हसलाच. काल्यापाताहून इथवर नुसती धूळ खात आलो म्हणाला. वाटप छान झालं. रेमिहियोची बायको पहाटेपासून नवऱ्याच्या वतीने त्यांच्या पट्ट्यात उभी होती, शेजारचा ओढ्याकडचाही तिलाच मिळाला.

एपिफानिया मिनीबसच्या मागे गेली. साखळ्यांचं भेंडोळं तिथे लटकत होतं. एक ऑगस्टला, धरणीमातेला नैवेद्य जाळताना, भाऊ सुखरूप यावा-जावा म्हणून त्यावर तिनेच लाल लोकर बांधली होती. दुहेरी गाठ. ती सोडल्याशिवाय साखळी निघत नाही. गाठ जशीच्या तशी होती.

ती परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"गाठ माझीच आहे रे."

रेमिहियोने चमचा वाटीत ठेवला. "मला चार पोरं आहेत, ताई. तुझी टपरी चालते."

"मागितला असतास तर अर्धा दिला असता."

"अर्ध्याने भागत नाही," तो वाटीकडे बघत म्हणाला.

थांबवलेल्या गाड्यांतली माणसं सामान आवरत होती. कालपासून रस्ता बर्फाने नाही, एपिफानियाच्या तोंडाने बंद होता. त्यांनी सूपाचे पैसे ठेवले. एरवी तिच्याशी दोन शब्द बोलून निघत, आज तसेच निघाले.

त्या रात्री मात्र बर्फ खरोखर पडला. सोमवारी सकाळी पहिला ट्रक साखळ्या खडखडवत उतरला, चाकांत बर्फाची ढेकळं. रेमिहियो निघायला म्हणून बाहेर आला आणि सवयीने विचारून बसला, "वर कसं आहे?"

"तिसऱ्या वळणावर बर्फाची नुसती काच आहे. साखळ्या घाल."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग रस्ता ओलांडून समोर फेलिसाबाईच्या चहाच्या टपरीवर गेला. फेलिसाबाईने उभ्या आयुष्यात घाटाकडे मान वर केली नव्हती. तिने तिथूनच हाक मारली, "एपिफानिया, हा विचारतोय, वर कसं आहे गं?"

एपिफानियाने तेच उत्तर त्याच शब्दांत दिलं.

रेमिहियो मिनीबसमागे गेला. थंडीने गाठ आखडली होती, सुटेना. शेवटी त्याने ती दातांनी तोडली, साखळ्या चढवल्या आणि गाडी सुरू केली. दर वेळी ती "जपून जा" म्हणायची. तेवढ्यासाठी त्याने काच खाली केली, थोडा थांबलाही. एपिफानिया पातेलं ढवळत राहिली.