डाव्या हाताचा मळ

माझी ताई परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स, मी इथल्या गरीब दवाखान्यात. "आमच्याकडचं जास्तीचं सामान पाठवते. डाव्या हाताचा मळ आहे माझ्या!" ती म्हणाली होती. त्या भरवशावर सामानाअभावी बंद पडलेलं ऑपरेशन थिएटर मी घासूनपुसून ठेवलं.

खोकं उघडलं, तर ऑपरेशनचे सगळे हातमोजे डावेच.

"सिस्टर, तिकडच्या सर्जनना दोन्ही हात डावे का हो?" डॉक्टर म्हणाले.

मी ताईला फोन लावला.

"अगं, उजवे इथे लागले. टाकूनच देणार होते हे. उलटे करून घाला की, तुमच्याकडे चालतं!"

परवापर्यंत ती ‘आपल्याकडे’ म्हणायची.

"काय म्हणाल्या ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"राँग नंबर लागला," म्हणत मी थिएटरला पुन्हा कुलूप घातलं.