कुलूप जैसे थे

नेत्रा मधल्या दाराला कुलूप अडकवत होती, तेव्हा मासळीची पाटी उतरवून पायरीवर टेकलेली धोंडूबाई म्हणाली होती, "नको गो घालू. वकील जातील आपापल्या घरी, नणंद इथंच र्‍हायची हाय."

नेत्रा नुसती हसली. कोर्टाचा माणूस पाहणीला येणार होता. पुढचं घर आपल्या ताब्यात आणि वन्संची फक्त मागची पडवी, एवढं त्याला दिसलं की कुलूप काढायचं, असं सूरजनं मुंबईहून बायकोला बजावलं होतं. माहेरी राहून माहेराच्याच घरात हिस्सा मागणाऱ्या सगुणावन्संना तेवढी अद्दल पुरे.

माणूस आला, कुलूप लिहून घेऊन गेला. पाठोपाठ हुकूम आला: निकाल लागेपर्यंत घर जैसे थे. म्हणजे कुलूपही जैसे थे. दाराला हात लावलात तर अंगाशी येईल, असं वकील म्हणाले.

नेत्राची लेक सानवी तेव्हा रांगत होती. वन्संच्या हातचं तेल लावणं सुटलं, पण पोर उठली की त्या दाराशी जायची, फळीवर थापा मारायची. पलीकडून थाप यायची. आत्या कुठंय विचारलं, की सानवी दाराकडे बोट करायची. तिच्या लेखी दारालाच आत्या म्हणतात.

आज तिनं हात लाल होईस्तोवर थापा मारल्या. पलीकडे काही नाही. काल रात्रीपासून वन्संचा खोकलाही थांबलेला.

नेत्रानं सूरजला फोन लावला.

"वन्संची चाहूल नाही. मागून जाऊन बघू?"

"सोंग असेल. पडवीत पाऊल टाकलंस की घुसखोरी म्हणून अर्ज टाकील."

"आणि खरंच काही झालं असेल तर?"

"तर दावाच निकालात निघाला की," म्हणत तो हसला.

सवयीनं तीही हसली. मग रडणाऱ्या पोरीला दारापासून ओढून कडेवर घेतलं आणि पुढच्या अंगणात जाऊन रस्त्याकडे बघत राहिली. कुणाला सांगावं, तर गावात सगळेच कुणाचे ना कुणाचे साक्षीदार.

तेव्हा तुम्ही मालगुंडच्या बाजूला निघाला असाल, तर एवढं कराच. पुढून येऊ नका. माडांतून वळसा घालून मागच्या पडवीशी जा, पाणी मागायच्या निमित्तानं सगुणाबाईंना हाक मारा. ओ आली नाही, तर आत शिरा. फक्त नेत्रानं पाठवलं, असं कुणाला सांगू नका.