डावीकडचं दार

जयरामशेठच्या जुन्या जीपचं डावीकडचं दार बिजागरीतून उतरलेलं होतं. ते आधी जरा वर उचलायचं आणि मग अंगातला सगळा जोर काढून आपटायचं, तरच लागायचं. लताबाईंना हे लग्नानंतर चौथ्या वर्षी कळलं आणि जन्मभरासाठी कळलं. मांडीवर वर्षभराच्या लेकाला, शेखरला घेऊन त्या देवळ्याला माहेरी निघाल्या होत्या. घाटातल्या वळणावर दार सताड उघडलं. एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने सीटची कड धरली म्हणून निभावलं. जयरामशेठ घाबरले, आणि घाबरलेला नवरा जे करतो तेच त्यांनी केलं. बायकोवर ओरडले.

"दार धड लावता येत नाय? जोरात आपटायचं!"

त्यानंतर लताबाईंनी कुठलंच दार हळू लावलं नाही. जीपचं नाही, कपाटाचं नाही, फ्रिजचं नाही. रिक्षाला दार असतं तर तेही त्यांनी आपटलं असतं. तीस वर्षं जयरामशेठ तो धाडकन आवाज ऐकायचे आणि डावीकडे न बघताच गिअर टाकायचे. बायको नीट बसली, आता निघायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कांद्याच्या व्यापारात दिवस पालटले. चांदवडचं बिऱ्हाड नाशकात आलं, गंगापूर रोडला बंगला झाला, आणि साठी उलटल्यावर जयरामशेठनी मोठी परदेशी गाडी घेतली. खरं तर लताबाईंसाठीच घेतली. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, आणि शोरूमवाल्याने सांगितलं होतं की या गाडीचं दार आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं. शेवटचं बोटभर अंतर गाडी स्वतःच ओढून घेते. जयरामशेठनी तिथल्या तिथे ते दार दहा वेळा लावून पाहिलं. पण घरी येऊन 'तुझ्या बोटांसाठी घेतली' असं म्हणतील तर ते जयरामशेठ कसले! असली वाक्यं त्यांच्या तोंडात कधी बसलीच नाहीत. त्यांनी फक्त दार कसं लावायचं ते एकदा घाईघाईने सांगितलं.

गाडीची पूजा अंगणात झाली. सून पल्लवीचे आईवडील पुण्याहून आले होते, देवळ्याची मंडळी होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. ओवाळून झाल्यावर सगळे म्हणाले, आधी लताबाईंनी बसायचं. त्या नवी पैठणी सावरत बसल्या, आणि तीस वर्षांच्या सवयीने, त्या वाकड्या बोटांनी, दार जरा वर उचलून असं काही आपटलं की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

लोक हसले. तेवढ्यावर भागलं असतं. पण व्याह्यांसमोर शोभा झाली म्हणून जयरामशेठचा पारा चढला.

"जीपमध्येच बसायची लायकी हाय तुझी!" ते सगळ्यांदेखत म्हणाले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाय!"

लताबाई कसंनुसं हसल्या. "चुकलंच माझं," एवढं म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला.

खोड मात्र त्यांनी जिवंतपणीच मोडली. त्या दिवसापासून त्या एका बोटाने दार टेकवायच्या आणि ते आत ओढलं जाईपर्यंत श्वास रोखून बघत राहायच्या. मग नवऱ्याकडे वळायच्या.

"लागलं ना हो नीट?"

जयरामशेठ मान डोलवायचे. आठ महिने हे चाललं, आणि त्यात काही खुपण्यासारखं आहे हे त्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही. उलट मार्केटात चारचौघांत सांगायचे, "आमची मंडळी बी शिकली आता." शिकल्या कसल्या? धास्तावल्या होत्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी लताबाईंच्या छातीत कळ आली. शेखर कामासाठी परगावी होता. जयरामशेठनीच गाडी काढली आणि दहा मिनिटांत दवाखान्यापाशी आणली. लताबाईंचा चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरे पडलेले. चाकाची खुर्ची घेऊन माणसं धावत आली. लताबाई उतरल्या, पण खुर्चीत बसायच्या आधी मागे वळल्या. गाडीला धरून उभ्या राहिल्या आणि एका बोटाने दार टेकवलं. ते लागेपर्यंत थांबल्या.

"लागलं ना हो नीट?"

"अगं, मरू दे ते दार!" जयरामशेठ ओरडले.

तेहतीस-चौतीस वर्षांच्या संसारातलं हे शेवटचं बोलणं. दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी नुसता जयरामशेठच्या खांद्यावर हात ठेवला.

दहाव्या दिवशी गोदाघाटावर पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात. मग घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. लताबाईंचा भाऊ नवनाथ हात जोडून म्हणाला, "अक्का, शेखरचं आजोळ मी तुटू द्यायचो नाय." पल्लवी म्हणाली, "आई, आरोहीला मी तिच्या आजीच्या सगळ्या गोष्टी सांगेन." कावळे जागचे हलले नाहीत.

मागे उभ्या असलेल्या जयरामशेठना ठाऊक होतं, तिचं काय राहिलंय ते. सगळ्यांदेखत बोललो, तर माफीही सगळ्यांदेखतच मागायला हवी. तीच माणसं समोर होती, व्याहीसुद्धा आले होते. नऊ रात्री त्यांनी ते वाक्य घोळवलं होतं. चुकी माझी होती, शेखरच्या आई. तू काय आपटायचं ते दार आपट. ते दोन पावलं पुढे सरकले, घसा खाकरला.

तेवढ्यात शेखरच बोलला. "आई, बाबांना आम्ही एकटं पडू देणार नाही. तू त्यांची काळजी करू नकोस."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला.

"बघा," नवनाथ डोळे पुसत म्हणाला, "अक्काचा जीव दाजींपायीच अडकला व्हता."

सगळ्यांना भरून आलं. जयरामशेठ मात्र ते वाक्य तोंडात घेऊन तसेच उभे राहिले. तिची तक्रार नव्हतीच. तिला माफी नको होती, जातानाही त्यांचीच काळजी होती. ती रागावून गेली असती तर निदान रडून, हातापाया पडून तिला मनवता आलं असतं. आता ते कुणाला सांगायचं?

परतताना शेखर गाडी चालवायला बसला. जयरामशेठ पहिल्यांदाच डावीकडे, तिच्या जागी बसले. त्यांनी दार धरलं, जरा वर उचलल्यासारखं केलं आणि अंगातला सगळा जोर काढून आपटलं.

पार्किंगमधली माणसं वळून बघायला लागली. शेखरने बापाकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. मागे बसलेली पल्लवी काही बोलली नाही. बाहेर उभ्या असलेल्या व्याह्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि शेखरने गाडी सुरू केली.

काही न बोलणं इतकं सोपं होतं. पूजेच्या दिवशी अंगणात जयरामशेठनी तेवढंच करायला हवं होतं.